उंबरा, कडप्पा आणि केर काढणारा रोबो

प्रश्न : आम्ही दोघेच मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात राहतो. माझे वय ६८. शाळेतून निवृत्त झाले आणि आता गुडघ्यांमुळे वाकून केर काढणे जमत नाही. घरकामाच्या मावशी आठवड्यातून तीन-चार दिवस येतात. पुण्यातला मुलगा दिवाळीला ६०,००० रुपयांचा, केर काढणारा, फरशी पुसणारा आणि स्वतःचे फडके स्वतःच धुणारा रोबो पाठवतो म्हणतो. ह्यांच्या मते ते खेळणे आहे आणि विजेचे बिल तेवढे वाढेल. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि माजघराला लागून झोपायची खोली आहे. सोप्याचा लाकडी उंबरा चांगला उंच आहे, बाकीच्या दारांत काळ्या कडप्प्याच्या पट्ट्या आहेत. माडीवर दहा वर्षांपूर्वी बांधलेला हॉल आणि दोन खोल्या गुळगुळीत टाइल्सच्या आहेत, पण तिथे पाहुणे आले तरच वावर. रोबो घ्यावा का? किती पास्कलचा घ्यावा? आणि मावशींना काय सांगू?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर :

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपण पास्कल, म्हणजे यंत्राच्या ओढीचा आकडा, विचारलात, मुलाने किंमत सांगितली आणि यजमानांनी बिलाची शंका काढली. मला मात्र आपल्या पत्रातले उंबऱ्याचे आणि कडप्प्याचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हा रोबो म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर व्यासाची, तीन-चार किलो वजनाची एक चपटी तबकडी असते. तिची चाके स्प्रिंगवर बसवलेली असल्यामुळे ती जवळपास दोन सेंटिमीटर उंचीचा अडथळा चढून जाते. त्याहून उंच काही लागले की ती मागे फिरते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अर्धी चढून पोटावर अडकून बसते. अशा यंत्राला आपली माडी अगदी आदर्श आहे, कारण तिथे सपाट टाइल्स आहेत, उंबरे नाहीत आणि सामानही बेताचे असणार. अडचण एवढीच, की माडीवर केर होतो कुठे? केर होतो तो खाली, जिथे आपण दोघे वावरता, भाकऱ्या थापता आणि पाहुण्यांना बसवता. मुलाने दुकानात किंवा मोबाइलवर यंत्र पाहताना पुण्यातला त्याचा फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवला असेल, तर त्यात त्याचा दोष नाही; पण निर्णय आपल्या खालच्या मजल्यावरून घ्यायला हवा.

त्यासाठी आधी फूटपट्टी घ्या, ती आपल्या घरी असणारच. कडप्प्याच्या प्रत्येक पट्टीची उंची दोन्ही बाजूंनी मोजा, कारण जुन्या घरांत दोन खोल्यांच्या फरशा क्वचितच एका पातळीत असतात आणि माजघराकडून एक सेंटिमीटर दिसणारी पट्टी स्वयंपाकघराकडून तीन भरते. दोन्हीकडून दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर पुढे विचार करू. सोप्याचा उंबरा मोजायची गरज नाही, तो कोणताही नेहमीचा रोबो चढणार नाही. काहीजण सुताराकडून लाकडी उतार करून घेण्याचा सल्ला देतात; आपल्या घरात मी तो मुळीच देणार नाही, कारण एवढ्या उंचीला लांबलचक उतार लागतो आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रात्री उठून जाताना त्यावर पाय घसरणे ही केराहून फार मोठी आपत्ती आहे. उंबरा तासून घेण्याची सूचना कोणी केली तर तीही ऐकू नका. ज्या उंबऱ्याला आपण हळदकुंकू वाहतो, तो एका यंत्रासाठी कापायचा हे मलाच पटत नाही. सोपा रोबोच्या हद्दीबाहेर आहे असे आजच धरून चाला.

आता कडप्पा. रोबो जिन्यावरून खाली पडू नये म्हणून त्याच्या पोटाशी, कडेने, इन्फ्रारेड संवेदक बसवलेले असतात. ते जमिनीकडे अदृश्य प्रकाश सोडतात. तो परत आला तर खाली जमीन आहे आणि आला नाही तर खड्डा आहे, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. काळा पृष्ठभाग हा प्रकाश बराचसा गिळून टाकतो, त्यामुळे काळ्याभोर कडप्प्यापाशी आल्यावर काही रोबोंना समोर दरी असल्याचा भास होतो. माझ्याच घरी पहिल्या आठवड्यात हे घडले. स्वयंपाकघराच्या कडेने जाणाऱ्या काळ्या पट्टीपाशी आमचा रोबो कडेलोटाच्या टोकावर उभा असल्यासारखा थांबायचा, मागे सरायचा आणि पुन्हा तिथेच यायचा. घरच्यांनी त्याला भित्रा ठरवले आणि मी बिघाड समजून तक्रार नोंदवण्याच्या बेतात होतो. आपल्या घरी ही पट्टी नेमकी प्रत्येक दारात आहे, म्हणजे एका खोलीतून दुसरीत जाण्याचा रस्ताच तिच्यावरून जातो. सगळी यंत्रे सारखी घाबरत नाहीत, नवी काही यंत्रे गडद फरशी बऱ्यापैकी ओळखतात, पण आपल्या कडप्प्यावर कोणते चालेल हे जाहिरात वाचून कळत नाही. ते प्रत्यक्ष फिरवूनच पाहावे लागते. अडलेच तर पट्टीवर फिक्या रंगाची, चमक नसलेली, चिकट व्हिनाइल पट्टी नीट बसवून घ्या, कडा मोकळ्या राहून पायात येणार नाहीत एवढे पाहा. संवेदकांवरच कागद चिकटवून त्यांना आंधळे करण्याची युक्ती काहीजण सांगतात. ज्या घरात पायऱ्या आहेत तिथे ती करू नये, कारण मग खरी पायरीही त्याला दिसत नाही.

तिसरे माप पलंग आणि कपाटांच्या खालचे. खोलीचा नकाशा लेझरने, म्हणजे ज्याला लायडार म्हणतात त्याने, काढणाऱ्या बहुतेक रोबोंच्या डोक्यावर एक छोटा फिरता मनोरा असतो आणि त्यासह उंची साडेनऊ-दहा सेंटिमीटर भरते. खाली ११ सेंटिमीटर मोकळी जागा असेल तर तो निर्धास्त आत-बाहेर करेल. नेमकी दहा असेल तर आत जाऊन पाचरीसारखा बसेल आणि त्याला काढायला आपल्यालाच वाकावे लागेल.

ही मापे जमली, म्हणजे माजघर, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली ही तीन ठिकाणे रोबोला एका फेरीत घेता आली, तर यंत्र जरूर घ्यावे असे माझे मत आहे. एकाही दारातून तो जाऊ शकणार नसेल तर घेऊ नये. प्रत्येक खोलीत तीन-चार किलोची तबकडी उचलून ठेवायची म्हणजे गुडघ्यांचे दुखणे कमरेला देणे होय. त्या परिस्थितीत दोन-अडीच किलोच्या आतला, उभ्याने चालवता येणारा, बॅटरीवरचा हातातला व्हॅक्यूम आणि लांब दांड्याचा मॉप हे आपल्याला अधिक उपयोगी पडेल आणि मुलाचे निम्म्याहून अधिक पैसे वाचतील.

घ्यायचे ठरलेच तर कोणते, याकडे वळू. पास्कल हा यंत्राच्या ओढीचा जोर सांगणारा आकडा आहे, पण तो हवेचा मार्ग बंद करून मोजलेला दाब असतो. प्रत्यक्ष फिरताना किती हवा आणि तिच्याबरोबर किती धूळ आत येते, ते ब्रशची रचना, फरशी आणि ब्रशमधले अंतर आणि फिल्टर किती स्वच्छ आहे यावरही ठरते. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने २००१ मध्ये ट्रायलोबाइट आणि अमेरिकेच्या आयरोबॉटने २००२ मध्ये रूम्बा हा रोबो बाजारात आणला, तेव्हापासून ही यंत्रे गालिचे अंथरलेल्या घरांतही फिरत आली आहेत. गालिच्याच्या धाग्यांत रुतलेली धूळ उपसायला मोठा जोर लागतो. आपल्या उघड्या फरशीवर २,५००-३,००० पास्कल पुरतात, म्हणून १०,००० पास्कलच्या आकड्याला भुलून जास्त पैसे मोजू नका. त्याऐवजी नकाशा लेझरने काढणारे यंत्र घ्या. बिननकाशाचे स्वस्त रोबो भिंतींना धडकत कसेही फिरतात, काही जागा दहादा झाडतात आणि काही विसरतात. लेझरवाला ओळीने, शेत नांगरावे तसा, एकेक पट्टा घेत जातो आणि त्याला अंधारातही दिसते. शिवाय नकाशा असला की ॲपमध्ये ‘इथे जाऊ नकोस’ अशी चौकट आखता येते, जी देवघरासमोर आपल्याला लागणारच आहे.

कॅमेऱ्यावर चालणारे रोबो मी आपल्याला सुचवणार नाही. एका अमेरिकी कंपनीच्या चाचणीतल्या रोबोंनी घरांमध्ये टिपलेली खासगी छायाचित्रे समाजमाध्यमांवरच्या गटांत पोहोचल्याचे एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने डिसेंबर २०२२ मध्ये उघड केले होते. ती विक्रीसाठी नसलेली, चाचणीची यंत्रे होती हे खरे. तरीही लेझरने काम भागत असताना झोपायच्या खोलीत फिरता कॅमेरा कशाला, हा साधा प्रश्न उरतोच.

मुलगा म्हणतो त्या ६०,००० च्या यंत्रातला मोठा खर्च पुसण्यासाठीच्या सोयींचा आहे : फिरती फडकी, ती धुणारा आणि वाळवणारा डॉक (म्हणजे रोबो चार्ज व्हायला जिथे परत जातो तो तळ), स्वच्छ आणि मळक्या पाण्याच्या वेगळ्या टाक्या. टाइल्सच्या घरात ही सोय खरोखर सुखाची आहे. आपल्या घरात मात्र मला तिचा मोह आवरावासा वाटतो. एकतर मळक्या पाण्याची टाकी रोज-दोन रोजांनी उचलून ओतावी लागते आणि ओतली नाही तर तिला कुबट वास येतो. दुसरे म्हणजे जुनी फरशी खडबडीत किंवा सांध्यांत खोलगट असेल तर फडके वरवरून फिरते आणि सांध्यातला मळ तिथेच राहतो. साधे, ओढत नेले जाणारे फडके असलेला मॉप बहुतेक मध्यम किमतीच्या रोबोंबरोबर येतोच. तो रोजची बारीक धूळ टिपतो, पण वाळलेला डाग काढत नाही, हे ध्यानात ठेवून वापरावा. त्याच्या टाकीत फिनेल मात्र घालू नका. आपल्याला त्या वासाशिवाय फरशी पुसल्यासारखी वाटत नाही हे मला मान्य आहे, पण आतला छोटा पंप आणि रबराच्या नळ्या त्याने खराब होतात. साधे पाणी किंवा कंपनीने सांगितलेले द्रावण एवढेच वापरावे.

एका सोयीवर मात्र आपण जरूर खर्च करावा, आणि एरवी मी तिला चैन म्हणतो. रोबोच्या पोटातला केराचा डबा अर्ध्या लिटरच्याही आतला असतो, तो रोज वाकून काढायचा, झटकायचा, बसवायचा. आपले मूळ दुखणे वाकण्याचेच आहे. म्हणून स्वतः डॉकवर जाऊन आपला केर मोठ्या पिशवीत रिकामा करणारा रोबो आपल्याला योग्य आहे. ही पिशवी अडीच-तीन लिटरची असते आणि दोघांच्या घरात ती काही आठवडे सहज पुरते. पिशव्या विकत घ्याव्या लागतात, त्या कुठे आणि कितीला मिळतात हे आधीच विचारा. रिकामे करताना दहा-पंधरा सेकंद जोराचा आवाज होतो, तेव्हा दुपारच्या वामकुक्षीची वेळ सोडून वेळापत्रक लावा. लेझर, साधा मॉप आणि असा डॉक मिळून ३०,००० ते ४०,००० रुपयांच्या आसपास काम व्हावे. शाओमी, इकोव्हॅक्स, ड्रीमी, युरेका फोर्ब्स अशी नावे आपल्याकडे मिळतात. नावापेक्षा आपल्या पिनकोडवर दुरुस्तीची सोय आहे का, बॅटरी, ब्रश आणि फिल्टर सुटे मिळतात का आणि न पटल्यास किती दिवसांत परत घेतात, या तीन उत्तरांवर निवड करा. मोबाइलशिवाय, नुसते वरचे बटण दाबूनही चालू होणारा रोबोच घ्यावा. नीटो ही या धंद्यातली नावाजलेली अमेरिकी कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. कंपनी गेली की ॲपचा भरवसा राहत नाही, बटण मात्र राहते.

यजमानांच्या शंकेला आकड्यांनीच उत्तर देतो. अशा रोबोची नेहमीची ५,२०० एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरूनही, एक दशांश युनिट लागते आणि तीन खोल्यांना तर अर्धीच बॅटरी पुरावी. डॉक दिवसरात्र जोडलेला राहतो त्याचे महिन्याला दोनेक युनिट धरले तरी एकूण चार-पाच युनिटांच्या वर हिशेब जात नाही. दोन किलोवॉटचा गीझर रोज पाव तास लावला तर महिन्याला १५ युनिट होतात. खेळणे म्हणायचे असेल तर त्यांनी खुशाल म्हणावे, पहिले चार दिवस त्याच्यामागून फिरणारेही बहुधा तेच असतील.

वापराबद्दल आता थोडे सविस्तर लिहितो, कारण यंत्र वाया जाते ते इथेच. रोबो फिरण्याआधी जमीन मोकळी हवी. मोबाइलच्या चार्जरची वायर, गजऱ्याचा दोरा, सतरंजीच्या दशा, गोंड्याची कोल्हापुरी चप्पल, यांतले काहीही तो ब्रशमध्ये गुंडाळून घेतो. माझ्या घरची एक चप्पल गोंड्याला मुकली आहे. दारातल्या रांगोळीचे तो काय करतो हे सांगायला नकोच. आपला सोपा उंबऱ्यापलीकडे असल्यामुळे ती सुरक्षित आहे, पण देवापुढे छोटी रांगोळी काढत असाल तर नकाशात तेवढी जागा वर्ज्य करा. सांडलेला रस्सा, ताक किंवा पावसाळ्यात बाहेरून आलेली ओली पावले आधी फडक्याने टिपून घ्या, रोबोला त्यात जाऊ देऊ नका. ओल आत गेली की धुळीचा चिखल होतो, फिल्टर चोंदतो आणि मोटर धोक्यात येते. सांडलेले तांदूळ किंवा ज्वारीही त्याच्या हाती देण्यात अर्थ नाही, बाजूचा फिरता ब्रश दाणे उचलण्याऐवजी चौफेर उडवतो.

भाकरीचे पीठ हा प्रकार मात्र फसवा आहे. ते दिसायला थोडे असते, पण इतके बारीक असते की फिल्टरची छिद्रे भराभर बुजतात आणि आठवड्यात ओढ कमी झाल्यासारखी वाटते. तीच गोष्ट गळीत हंगामातल्या काजळीची. कारखान्यांची धुराडी पेटली आणि शिवारात उसाचा पाला जळू लागला की गच्ची-खिडक्यांवर जी काळी राख उतरते, ती ओल्या फडक्याखाली आली तर फरशीभर काळे फराटे उठतात. म्हणून त्या महिन्यांत आधी एक पूर्ण फेरी कोरडी होऊ द्यावी आणि मगच पुसण्याची लावावी. फिल्टर आठवड्यातून एकदा तरी झटका. धुता येणारा असेल तर धुऊन पूर्ण चोवीस तास वाळवल्याशिवाय बसवू नका. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत तिथे फिल्टर काय वाळणार, म्हणून दुसरा फिल्टर पहिल्या दिवसापासूनच जवळ असावा. ब्रशला गुंडाळलेले केस आठवड्यातून एकदा कापून काढायचे आणि पोटाखालचे संवेदक कोरड्या मऊ कापडाने पुसायचे. ही कामे रोबो टेबलावर उलटा ठेवून, खुर्चीत बसून करता येतात. तो टेबलावर उचलून ठेवायचे काम मात्र मावशींना किंवा यजमानांना सांगा.

एक काळजी मी मुद्दाम वेगळी सांगतो. हा रोबो स्वतःच पायात येणारी वस्तू आहे. दहा सेंटिमीटर उंचीचे, करड्या रंगाचे, सरकते काहीतरी मागून येऊन टाचेशी थांबले तर तरुण माणूसही अडखळतो. तेव्हा तो फिरत असताना आपण दोघेही सोप्यात बसा किंवा बाहेर जा. सकाळी अकराची वेळ चांगली, स्वयंपाक आटोपलेला असतो. दिवेलागणीनंतर केर काढू नये हा नियम तसाही आपल्या घरी पाळला जात असेल, तो रोबोलाही लावा. तिन्हीसांजेच्या कमी उजेडात तो पायाशी नसलेलाच बरा.

मावशींना काढू नका. कोपऱ्यातली जळमटे, जिना, मोरी, ओटा, सोपा आणि रोबो सोडून देतो त्या भिंतीकडेच्या बोटभर पट्ट्या हे सारे माणसाच्याच हाताचे काम आहे. रोजच्या केराचा भार हलका झाला की त्याच पगारात त्यांच्याकडून आठवड्यातून एकदा फरशी घासून घेता येईल आणि माडीही स्वच्छ राहील. यंत्र आणण्याआधी हे त्यांच्याशी बोला, नाहीतर डॉक बघितल्याबरोबर त्या वेगळाच अर्थ घेतील.

शेवटी मुलासाठी निरोप. डॉकला मागे भिंत, दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर किमान दीड मीटर मोकळी जागा लागते, तेव्हा माजघरातली तशी जागा आणि तिथला प्लग त्याने आधी पाहावा. एकदा ठेवलेला डॉक पुन्हा हलवायचा नसतो. बहुतेक रोबो वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच जोडले जातात, राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर लावलेला असेल तर तासभर डोके धरून बसावे लागते. पहिला नकाशा काढणे, देवघराची चौकट आखणे, कडप्प्यावर तो अडतो का हे पाहणे आणि अडला तर परत करण्याची मुदत संपण्याआधी निर्णय घेणे, ही कामे फोनवरून समजावून होत नाहीत. म्हणून खोके कुरिअरने पाठवू नकोस, दिवाळीच्या आठ दिवस आधी स्वतः घेऊन ये आणि दोन दिवस राहा, असे त्याला स्पष्ट कळवा.

आपला,
सदरलेखक